मराठा पलटणीचा १९१५ चा गणवेश: आधी कापड, मग कातर, बिल्ला सगळ्यांत शेवटी

पणजोबा पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढले, घरात त्यांचं एक पदक जपून ठेवलंय, पलटण ११० वी की ११७ वी यावर मात्र भावकीत एकमत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही सध्या इंग्लंडमध्ये असता आणि तिथल्या महायुद्धकालीन रीनॅक्टमेंटच्या, म्हणजे त्या काळचा पेहराव करून तो काळ लोकांपुढे उभा करणाऱ्या, गटात मराठा शिपाई म्हणून उभं राहायचं तुमच्या मनात आहे. 'इंडियन आर्मी, पहिलं महायुद्ध' या नावाने तयार संच मिळतो तो घ्यावा की कपडे शिवून घ्यावेत, खाकी नेमकी कुठली, आणि सुरुवात कुठून करावी, हे तुमचे प्रश्न. मी बरीच वर्षं जुन्या लष्करी कपड्यांच्या प्रतिकृती शिवते आणि हिंदी पलटणींचं काम माझ्या विशेष जिव्हाळ्याचं आहे. म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

तयार संच घेऊ नका. त्याची शिलाई वाईट असेलच असं नाही. अडचण अशी आहे की 'इंडियन आर्मीचा गणवेश' अशी एकच एक वस्तू १९१५ साली नव्हतीच. ब्रिटिश सैन्यात प्रत्येक कपड्याचा मोहोरबंद नमुना ठेवलेला असे आणि कारखान्याने त्याबरहुकूम माल द्यायचा असे. हिंदी पलटणींत कपड्यांचा बराचसा कारभार पलटणीच्या पातळीवर चाले. पलटणीचे स्वतःचे दर्जी असत, कापडाची खरेदी पलटण करी, आणि कमांडिंग ऑफिसरची आवडनिवडही कपड्यात उतरे. त्यामुळे कुर्त्याची लांबी, छातीवरचे खिसे, बटणं, डोक्याला बांधायची पद्धत, सगळं पलटणीगणिक बदलतं. जो एकच संच शीख, डोग्रा, पंजाबी मुसलमान आणि मराठा अशा सगळ्यांसाठी विकला जातो, तो त्यांतल्या कुणाचाच नसतो. तुमच्या पणजोबांचा तर नाहीच नाही.

म्हणून कापडाला हात लावण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: पलटण, ठिकाण आणि महिना.

पलटण शोधायला तुमच्या घरातलं ते पदकच उपयोगी पडेल. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठसवलेली असते. १९१४-१५ च्या ताऱ्यावर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. झीज झाली असेल तर उजेड तिरका पाडा आणि भिंगाने वाचा. ब्रासोने घासायचा मोह आवरा, आमच्याकडच्या कितीतरी घरांत दर दसऱ्याला पदकं लखलखीत करताना नावं पुसली गेली आहेत. आणखी एक बघा. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं आहे की काशाचं? काशाचं असेल तर ते बहुधा फॉलोअरचं, म्हणजे पलटणीबरोबर गेलेल्या भिस्ती, स्वयंपाकी, हमाल अशा बिनलढाऊ माणसाचं. त्यांच्याशिवाय एक दिवस मोहीम चालली नसती, पण त्यांचा पेहराव शिपायाचा नव्हता. तसं निघालं तर खुशाल फॉलोअर म्हणून उभे राहा. असा माणूस दाखवणारे फार थोडे आहेत आणि प्रेक्षक त्याच्याशी जास्त बोलतात, हे मी पाहिलंय.

ही पदकं छातीवर लावून १९१५ चा शिपाई उभा करू नका. तिन्ही पदकं युद्ध संपल्यावर दिली गेली. पणजोबांविषयीचा आदर समजतो, पण लढाईतल्या त्यांच्या अंगावर ती नव्हती. पदक पेटीत घालून शेजारी मांडा आणि त्याची गोष्ट सांगा.

आता ठिकाण आणि महिना. फोर्स 'डी' ची, म्हणजे हिंदुस्थानातून मेसोपोटेमियाला धाडलेल्या फौजेची, पहिली तुकडी ६ नोव्हेंबर १९१४ ला फाओला उतरली. शैबाची लढाई एप्रिल १९१५ मधली, टेसिफोनची त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमधली. तिथून माघार घेऊन जनरल टाउनशेंडचं सैन्य कुत अल अमारा इथे आलं, ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकलं आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेलं. त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातल्या ज्या घरांत 'पणजोबा बसऱ्याला गेले होते' असं सांगतात, त्यांतल्या कित्येकांचे पणजोबा प्रत्यक्षात कुतमध्ये होते. मेसोपोटेमिया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि ऊन येतं. उन्हाळा तसाच जीवघेणा असतो हे खरं, पण तिथला हिवाळाही कडक. जानेवारी १९१६ मध्ये कुतची कोंडी फोडायला निघालेलं सैन्य हन्नाला गुडघाभर चिखलात आणि बोचऱ्या थंडीत लढलं. म्हणजे जुलै १९१५ चा शिपाई आणि जानेवारी १९१६ चा शिपाई यांच्या अंगावर एकच कपडे असू शकत नाहीत. एकाच्या अंगावर नुसती सुती खाकी, दुसऱ्याच्या अंगावर लोकर, जर्सी, ओव्हरकोट, जे मिळालं असेल ते. इंग्लंडमधले बहुतेक कार्यक्रम उन्हाळ्यात होतात, तेव्हा सुरुवातीला तुम्ही १९१५ चा उन्हाळा धरावा असं मी सुचवेन. कपडेही कमी लागतात.

पलटणीच्या नावाचाही नीट विचार करा, कारण बिल्ल्याची सगळ्यांत मोठी चूक इथेच होते. त्या वेळी १०३, १०५ आणि ११० या पलटणी 'मराठा लाइट इन्फंट्री' होत्या. ११४, ११६ आणि ११७ या नुसत्या 'मराठा' होत्या. लाइट इन्फंट्रीचं चिन्ह म्हणजे बिगुल. तेव्हा पदकाच्या कडेवर ११७ निघालं तर १९१५ च्या शिपायावर बिगुल लावायचा नाही. सगळ्या मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या त्या १९२२ च्या फेररचनेत. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचा लाल-हिरवा तुराही या गणवेशावर बसत नाही. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आपल्या सगळ्यांच्या अंगावर काटा आणणारी युद्धघोषणासुद्धा दुसऱ्या महायुद्धातल्या, १९४१ च्या केरेनच्या (आजचं इरिट्रिया) लढाईशी जोडलेली आहे, कुतशी नाही. प्रात्यक्षिकात ती देण्याचा आग्रह होतो. मी नको म्हणते.

पुरावा म्हणजे मुख्यतः छायाचित्रं. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये मेसोपोटेमियाची भरपूर छायाचित्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी एरियल व्हर्जेस या अधिकृत छायाचित्रकाराची आहेत. ती अप्रतिम आहेत, पण त्यांतली बहुतेक १९१७-१८ ची, म्हणजे मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यानंतरची. त्याआधी १९१६ मध्ये मोहिमेची सूत्रं हिंदुस्थान सरकारकडून लंडनच्या वॉर ऑफिसकडे गेली होती आणि पुरवठ्यात मोठा फरक पडला होता. पहिल्या दोन वर्षांतल्या हालअपेष्टांची चौकशी करायला तर पुढे खास आयोग नेमावा लागला. १९१८ च्या छायाचित्रातला नीटनेटका, गुडघ्यावरच्या चड्डीतला शिपाई बघून १९१५ चा उभा केला, तर दोन वेगळ्या फौजा एकत्र केल्यासारखं होतं. छायाचित्राखालची तारीख वाचल्याशिवाय त्यातलं एक बटणही उचलू नका. नॅशनल आर्मी म्युझियम तुम्हाला चेल्सीत जवळच आहे. इकडे आलात तर बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचं संग्रहालय आहे, तिथे आधी पत्र लिहून परवानगी काढून जा.

या छायाचित्रांवरून रंग ठरवायला जाल तर फसाल. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बहुतेक काचेच्या प्लेटना लाल रंग दिसत नसे आणि निळा अतिशय दिसे. त्यामुळे तांबूस छटेची खाकी छायाचित्रात आहे त्यापेक्षा गडद उतरते, लाल पागोटं काळं दिसतं आणि आकाशी कापड पांढरंफटक. 'फोटोत गडद दिसतोय म्हणून आम्ही गडद कापड घेतलं' हे वाक्य मी फार वेळा ऐकलंय. छायाचित्रातून आकार घ्या, शिवणी घ्या, बटणांची संख्या घ्या. रंगासाठी खरा जुना कपडा बघावा लागतो, आणि तोही शिवणीच्या आतल्या बाजूने, जिथे ऊन लागलेलं नसतं.

आता खाकीकडे येते. या कामाचा जीव इथे आहे.

सुरुवातीची खाकी म्हणजे पेशावरकडच्या गाइड्स पलटणीने १८४० च्या दशकात माती आणि वनस्पतींच्या रंगांत बुडवलेलं पांढरं कापड. प्रत्येक धुण्याला तिचा रंग बदले. पक्की खाकी आली ती १८८४ मध्ये फ्रेडरिक गॅटी यांनी इंग्लंडमध्ये पेटंट घेतल्यानंतर. या 'मिनरल खाकी'ची रीत अशी: सुती कापड लोह आणि क्रोमियमच्या क्षारांत भिजवायचं, वाळवायचं, मग सोड्याच्या द्रावणातून काढायचं. क्षारांचे ऑक्साइड धाग्याच्या आतच तयार होतात आणि तिथेच राहतात. लोहाचा पिवळसर तांबूस आणि क्रोमियमचा हिरवट, या दोहोंच्या प्रमाणावर छटा ठरते. म्हणून एकाच पलटणीत दोन खेपांच्या कापडांत फरक दिसणं अगदी स्वाभाविक आहे. उन्हाने आणि धुण्याने हा रंग सहसा जात नाही. पण कापड त्याने कडक आणि किंचित खरखरीत होतं, सुईची धार पटकन मारली जाते. जुना कपडा हातात घेतलात की तो कोरडा, करकरीत स्पर्श लगेच कळतो. आजच्या मऊ कॉटनमध्ये तो नाही.

आज मिनरल खाकी रंगवून देणारं कुणी सहज सापडत नाही आणि क्रोमियमचे क्षार घरी हाताळण्याची गोष्ट नाही, ते विषारी असतात. म्हणून व्हॅट रंगात (सुतावर पक्का बसणारा रंगाचा एक प्रकार) रंगवलेलं शंभर टक्के सुती ड्रिल घ्या. वजन चौरस मीटरला २४० ते २८० ग्रॅम, वीण तिरकी, रेघ ठळक. छटा वाळूकडे झुकणारी, पिवळसर तपकिरी. ब्रिटिश लोकरी गणवेशाची हिरवट तपकिरी खाकी वेगळी, ती इथे चालणार नाही. आणि आपल्याकडे पोलिसांच्या गणवेशासाठी मिळणारं टेरिकॉट तर लांबूनच ओळखू येतं: त्याला इस्त्रीची धार टिकते, आणि उन्हात ते चमकतं.

दुकानात एवढं करा. कापडाच्या कडेचा एक धागा उसवून जाळा. सुताला कागद जळल्याचा वास येतो आणि बोटाने उडणारी राख उरते. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर सोडतं आणि शेवटी टणक मणी उरतो. उभा आणि आडवा, दोन्ही धागे जाळा, कारण एका बाजूने सूत आणि दुसऱ्या बाजूने मिश्रण असाही माल येतो. मग खिशातला नोटा तपासायचा जांभळा टॉर्च काढा आणि कापडावर मारा. आजच्या कापडावर आणि साबणात उजळपणा देणारी रसायनं असतात, ती त्या प्रकाशात निळसर पेटतात. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या कपड्यात ती नसत. दिवसा हा फरक नजरेला पटकन सांगता येत नाही, पण मोकळ्या आकाशाखाली असं कापड नकळत थंड, निळसर वाटतं आणि 'नवं' दिसतं.

पुष्कळ जण प्रेमाने खादी वापरतात. कृपा करून वापरू नका. १९१५ चं ड्रिल गिरणीत कातलेल्या सुताचं, गिरणीत विणलेलं होतं, त्याचा धागा एकसारखा असे. खादीचा गाठीगाठींचा पोत दिसायला सुंदर आहे, पण तो वेगळ्या काळाचा आणि वेगळ्या चळवळीचा आहे. गटातल्या चार-पाच जणांचे कपडे एकदम करायचे असतील तर इचलकरंजीकडे ओळख काढा. किमान ताग्याची अट असते, पण हवं तेवढं वजन आणि हवी ती वीण मिळू शकते. पन्हा शक्य तितका अरुंद सांगा. त्या काळचे माग अरुंद असल्याने दर्जी कळीला, घेराला जोड देत. आजच्या मोठ्या पन्ह्याच्या कापडात ते जोड लागत नाहीत, आणि जोड गेले की कुर्त्याची ठेवणच बदलते. छायाचित्रात जोड दिसत असेल तर गरज नसली तरी द्या.

कापड कापण्याआधी गरम पाण्यात दोनदा धुऊन वाळवा. कापड न आटण्याची सॅनफोराइज प्रक्रिया १९३० ची आहे. जुनं ड्रिल आटत असे, म्हणून तसं कापड मिळालं तर आनंदाने घ्या, फक्त आधी आटवून घ्या.

कातरीला आता हरकत नाही, पण पहिला कुर्ता मांजरपाटाचा बेता. खाकी महाग असते आणि चूक मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे जोडतात त्या खाचेत, होते. हिंदी पायदळाचा सुती कुर्ता डोक्यावरून घालायचा, छातीपर्यंत उघडणारा, मांडीवर उतरणारा, बाजूंना चिरे असलेला. खिसे आहेत की नाहीत, गळपट्टी उभी की नुसती पट्टी, हे तुमच्या पलटणीच्या छायाचित्रावर. मुंढा कसा आहे हेही छायाचित्र सांगतं: बाहीची शिवण खांद्याच्या हाडावर बसलेली दिसली तर साहेबी पद्धतीचा गोल मुंढा. ती खाली दंडावर सरळ उतरलेली दिसली तर आपल्या जुन्या कुर्त्याची सरळ बाही, आणि मग बगलेत चौबगला, म्हणजे जोडाचा चौकोनी तुकडा, असायची शक्यता जास्त. दोन्हींची बेतणी अगदी निराळी आहे, मधलं काही करू नका.

गोल मुंढा असेल तर तो लहान आणि वर, बगलेच्या अगदी जवळ ठेवा. आजकालचे शिंपी मुंढा खोल आणि सैल घेतात, गिऱ्हाइकाला तो आरामाचा वाटतो म्हणून. मांजरपाटाचा कुर्ता घालून, कमरेला पट्टा आवळून, बंदूक खांद्याला लावल्यासारखे दोन्ही हात उचला. खोल मुंढ्याचा अख्खा कुर्ता पट्ट्याखालून वर ओढला जातो आणि पोटावर फुगा येतो. लहान मुंढ्यात हात उचलला जातो आणि कुर्ता जागच्या जागी राहतो. दिवसभर पट्टा, बँडोलियर (छातीवरचा काडतुसांचा पट्टा), पिशवी, पाण्याची बाटली अंगावर वागवणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे, आणि लांबून दिसणारी आकृतीही याच एका गोष्टीने बदलते. शिंप्याला तोंडी सांगून भागत नाही, समोर उभं राहून हात वर करून दाखवा.

शिलाईचं थोडक्यात. दोरा सुती. पॉलिएस्टरचा दोरा कापडाबरोबर फिकट होत नाही, वर्षभराने शिवणी रंगाने वेगळ्या पडतात. टीप साध्या मशिनची, इंचाला दहा-बारा टाके. आतून ओव्हरलॉक नको. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून वरून दाबटीप मारायची, म्हणजे आतून-बाहेरून सारखी स्वच्छ शिवण दिसते आणि धुण्याला टिकते. काज हाताने करा. जो शिंपी म्हणेल की आतून कोण बघतंय, त्याच्याकडून कुर्ता घेऊन दुसऱ्याकडे द्या. रीनॅक्टमेंटमध्ये लोक बाही उलटवून बघतात, आणि बघावंच.

खाली बूट-पट्ट्या. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत गुंडाळायच्या या पट्ट्या लोकरीच्या असतात, भर उन्हाळ्यातही. इंग्लंडात सॉमरसेटच्या वेलिंग्टन गावची फॉक्स ब्रदर्स ही गिरणी त्यासाठी प्रसिद्ध होती. क्रेप बँडेज रंगवून गुंडाळलेलं मी पाहिलंय, ते दोन तासांत घोट्याशी गोळा होतं. पायदळ घोट्यापासून वर गुंडाळत जातं आणि गुडघ्याखाली नाडीने बांधतं. घोडेस्वार उलट, वरून खाली. तुम्ही पायदळाचे. प्रत्येक वेढा खालच्या वेढ्याला अर्धा झाकेल असा घ्या, नडगीवर कड सपाट राहायला हवी. गुंडाळून झालं की उकिडवे बसा आणि उठा. पट्टी सरकली तर सैल आहे, पोटरीला मुंग्या आल्या तर आवळ आहे. पहिल्या कार्यक्रमाआधी घरी रोज गुंडाळायची सवय करा.

डोक्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्या माणसांचं सगळ्यांत जास्त चुकतं ते इथे. लग्नात बांधतो तो कोल्हापुरी फेटा, तुरा वर आणि शेमला पाठीवर, हे शिपायाचं पागोटं नव्हे. कुल्ल्यावर, म्हणजे टोकदार टोपीवर, बांधलेला साफा पंजाबी मुसलमान आणि पठाण शिपायांचा, तोही नव्हे. शिखांची बांधणी तर वेगळीच. मराठा पलटणींत दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या, तेव्हा एकाच पलटणीत दोन बांधण्या असू शकतात. आधी तुमची कंपनी ठरवा. कापड पातळ खाकी मलमलचं घ्या. जाड कापडाने डोकं भोपळ्याएवढं होतं. तयार शिवलेली टोपीसारखी पगडी नको, दर वेळी हाताने बांधा. छायाचित्रात वेढे कोणत्या कानावरून चढतात, कपाळावर कुठे एकमेकांना छेदतात, कान झाकलेत की उघडे, हे बघून आरशासमोर बसा. गावाकडे अजून रोज पागोटं बांधणारी म्हातारी माणसं आहेत. सुटीत याल तेव्हा त्यांच्यापुढे बसून हाताचं वळण शिकून घ्या, छायाचित्रातली बांधणी मग तुमची तुम्हाला उलगडते.

चामड्याचं सामान विकत घ्यावं लागेल, ते घरी होत नाही. युद्धाच्या सुरुवातीला हिंदी पायदळाकडे मुख्यतः १९०३ नमुन्याचं तपकिरी चामड्याचं सामान होतं. त्यातला पाच खिशांचा बँडोलियर आडवा छातीवर, प्रत्येक खिशात दहा काडतुसं. ब्रिटिश शिपायांची १९०८ ची सुती पट्ट्यांची जुळणी दिसायला रुबाबदार आणि मिळायला सोपी, म्हणून लोक तीच लावतात. १९१५ च्या मराठा शिपायासाठी चामडं शोधा. बूट घोट्याचे, तळाला खिळे ठोकलेले. त्या काळी हिंदी सैन्याचे बूट कानपूरच्या कूपर ॲलन कंपनीत मोठ्या प्रमाणावर होत. आजही कानपूरकडे असे बूट करून मिळतात, पायाचा आराखडा कागदावर काढून पाठवा आणि जाड मोज्यासह माप द्या. खिळ्यांचे बूट फरशीवर घसरतात, संग्रहालयांत बहुधा मनाई असते.

बिल्ले आणि हुद्द्याच्या फिती आता लावायच्या. नाईकाला दोन, हवालदाराला तीन. तुम्ही साधे शिपाई राहा, निदान पहिली दोन वर्षं. हुद्दा लावला की लोक त्या अधिकाराने प्रश्न विचारतात आणि गटातले जुनेजाणतेही तशीच अपेक्षा ठेवतात. खांद्यावरचं पितळी नाव मिळेल तेव्हा लावा. अचूक मिळेपर्यंत खांदा कोरा ठेवला तर काही बिघडत नाही, चुकीचं लावलं तर अख्खा गणवेश खोटा होतो.

बंदुकीसाठी तुमच्या गटाशीच बोला. इंग्लंडमध्ये २००६ च्या कायद्याने हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुकांवर बंधन आहे आणि विमा असलेल्या रीनॅक्टमेंट गटांना त्यातून सूट मिळते, म्हणून खरेदी गटामार्फत करा. लष्करी गणवेशाविषयी तिथे १८९४ चा कायदाही आहे, पण शंभर वर्षांपूर्वीचा पेहराव जाहीर कार्यक्रमात घालण्याने सहसा अडचण येत नाही. भारतात कार्यक्रम केलात तर ध्यानात ठेवा की सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने सैनिकी पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. हेतू महत्त्वाचा आहेच, तरी आयोजकांचं पत्र जवळ ठेवा, स्थानिक पोलीस ठाण्याला आधी कळवा आणि गणवेश घालून रेल्वेने फिरू नका. कार्यक्रमाच्या जागी जाऊन कपडे बदला.

शेवटचं, कपडे 'जुने' करण्याबद्दल. सँडपेपर, चहाचं पाणी, ब्लीच यांतलं काहीही लावू नका. चहाने डाग पडतात आणि ते डागासारखेच दिसतात. ब्लीचने सूत कुजतं. कुर्ता घालून बागेत काम करा, पट्टा आणि बँडोलियर लावून लांब चाला. घामाने, पट्ट्याच्या घासण्याने आणि उन्हाने कपडा योग्य त्या ठिकाणी आपोआप विरतो: खांद्यावर, कमरेला, कोपराला. धुताना उजळपणा देणारी पावडर टाळा, साधा वडीचा साबण वापरा, आणि पितळी बटणं कड्यांवर बसवलेली असतील तर आधी काढून घ्या. उलटा करून सावलीत वाळत घाला. बूट-पट्ट्या कधीही मशिनमध्ये टाकू नका, लोकर आटली की त्या परत बसत नाहीत. गार पाण्यातून काढा, पिळू नका, आणि वाळल्या की नाडीच्या टोकाकडून गुंडाळून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी घोट्याचं टोक आधी हातात येतं.